जाईबाईची काळी चार

शब्बाथशाळेतल्या माझ्या मित्रांनो, दर रविवारी तुम्ही ज्या लाकडी खोक्यावर टोप्या आणि पाट्या टाकता, ते खोकं नाही. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मागच्या रविवारी तुमच्यातल्या दोघांनी माझं झाकण उघडलं, भात्याला हात घातला, आणि एकाही पट्टीवर बोट नसताना माझ्यातून एक लांब सूर निघाला. तुम्ही भूत भूत करत चिंचेपर्यंत पळालात. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्या सुरापासून चांगली जाणती माणसं पळालेली मी पाहिली आहेत. पण तो कोणाचा सूर आहे, हे ठाऊक असतं तर तुम्ही पळाला नसता. म्हणून आज सांगते.

माझा जन्म अमरावतीचा, राजापेठेतल्या खुशालराव कारागिराच्या हातचा. माझं सागवान मेळघाटातलं. लाकडानं तीन उन्हाळे खाल्ल्याशिवाय त्याची पेटी करू नये, असा खुशालरावांचा नेम होता. एकेक सुराची पितळी जीभ ते पात्यानं खरवडत, कानाशी धरत, पुन्हा खरवडत. सगळं जुळल्यावर त्यांनी डोळे मिटून एक पट्टी दाबली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. पेटीवाले पट्ट्यांना काळी एक, काळी दोन, पांढरी पाच अशी नावं देतात. ही काळी चार होती. पुरुषाचा गळा काळी एकच्या आसपास बसतो, बाईचा काळी चारपाशी मोकळा होतो. खुशालराव कोणाला तरी म्हणाले, "ही पट्टी गोड निघाली. बाईमानसाच्या हाती गेली त पेटीचं सोनं होईन."

माझं सोनं झालं, मित्रांनो. पण ते मातीत गेल्यावर लोकांना दिसलं.

एकोणीसशे बावन्न साली मला अकोटच्या देवमन मास्तरांनी नेलं. मास्तर तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत शिकवत, आणि कीर्तन करत. कीर्तन म्हणजे कसं, ते तुम्ही ऐकलं नाही. आता मास्तरांचा आवाज उरला नाही. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, गळ्यात उपरणं, आणि तोंडानं शास्त्रातली गोष्ट अशी सांगत की योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी उठून वाकून पाहायची. शेतावरून थकून आलेली माणसं भिंतीला टेकून बसत आणि पद सुरू झालं की त्यांची पाठ भिंतीपासून सुटत असे. देवाचं वचन गाण्यातून गेलं की ते चटणीसारखं भाकरीला लागतं, असं मास्तर म्हणत. ते खरं होतं. मी त्यांना नावं ठेवायला ही गोष्ट सांगत नाही. चांगल्या माणसाकडून काय राहून जातं, ते सांगते आहे.

तबल्यावर जानराव असत, अकोटातल्या सरकीच्या कारखान्यात हमाली करणारे, अंगानं पहिलवान आणि तोंडानं फटकळ. आणि माझ्यावर मास्तरांच्या घरच्या जाईबाई.

जाईबाईंना पेटी कोणी शिकवली नाही. अमरावतीहून येताना बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. वाटेत त्यांनी झाकणाच्या फटीतून एक बोट आत घातलं. बस खडखडत होती, भाता बंद होता, सूर काही निघाला नाही. पण ते बोट ज्या पट्टीवर पडलं ती काळी चार होती. पुढे महिनाभरात त्यांना सगळ्या पट्ट्या आपोआप कळल्या. मास्तर पदाचे शब्द जुळवत आणि जाईबाई दळताना, भाकरी थापताना त्याला चाल शोधत. चाल सापडली की पिठाच्या हातानं येऊन माझ्यावर वाजवून बघत. मास्तर मान हलवत आणि म्हणत, "जमलं. आता माह्या पट्टीत आन."

मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं कीर्तन सद्गुणी स्त्रीचं. शास्त्रात लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईनं शिकवलेला एक अध्याय आहे. बायको पाहायची तर कशी पाहावी, तिच्यात काय शोधावं, हे ती माउली बावीस ओळींत सांगते. रूप फसवतं, डौल वाऱ्यावर जातो, पण देवाचं भय धरणारी, हातानं राबणारी, गरिबाला हात देणारी बाई ज्याला भेटली त्याला उणं पडत नाही. मूळ वचनात ती लोकर आणि ताग शोधते. वऱ्हाडात ताग कोणी पाहिला? मास्तर सरळ कपाशी म्हणत. पहिलं पद असं होतं:

ऐशी सुगृहिणी । सापडे कोणास ।
मोतियांची रास । उणी पडे ॥

आणि मग दिव्याचं पद, ज्याला बायका पदर डोळ्यांना लावत:

रात्र सरे परी । दिवा न मालवे ।
हात न विसावे । तियेचे गा ॥

मास्तर हे गात तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर कोणी राजवाड्यातली राणी उभी राहत असे. मला मात्र माझ्या पट्ट्यांवर फिरणारी बोटं दिसत. जाईबाई उजाडायच्या आधी कपाशीच्या वेचणीला जात. कमरेला बांधलेल्या ओटीत दिवसभर कापूस जमा करत, घरी येऊन पाहुण्यांचं रांधत, आणि तोंडावर पाणी मारून कीर्तनाला बसत. बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्यांची बोटं फाटलेली असत. लुगड्याच्या काठाला, केसांना, बांगड्यांच्या मधे कापसाचे तंतू चिकटलेले. वाजवता वाजवता ते माझ्यात पडत. भात्याच्या घडीत, झडपांच्या खाली, कुठे कुठे जाऊन बसत. मी कधी तक्रार केली नाही. त्यांनीही नाही.

आता नीट ऐका. त्या अध्यायाचा शेवट कामावर होत नाही. शेवटच्या ओळींत तिची मुलं उठून उभी राहतात आणि तिला धन्य म्हणतात. नवरा तिची स्तुती करतो. तिच्या हातचं फळ तिला द्या, गावच्या वेशीत तिचं नाव होऊ द्या, असं म्हणून ती राजाची आई थांबते. मास्तरांनी त्याचंही पद रचलं होतं:

उठा लेकरांनो । माय धन्य म्हणा ।
धन्याच्या वदना । येवो स्तुती ॥
तिचे कष्टफळ । तिच्याच ओंजळी ।
वेशीच्या जवळी । गाजो नाव ॥

या पदाला जाईबाईंनी चाल लावली ती काळी चारमधून. मुद्दाम नव्हे. कपाशीच्या ओळीत एकटीच गुणगुणताना ती त्यांना सापडली, म्हणून त्यांच्याच गळ्याची झाली. मास्तरांनी एकदा म्हणून पाहिलं, आवाज वर चढेना. त्यांनी ती खाली आणायला सांगितली. जाईबाईंनी खाली आणून वाजवली, पण चाल मेल्यासारखी झाली. त्या हळूच म्हणाल्या की तेवढं एक पद त्याच म्हणतील. मास्तर विचारात पडले. पुरुष मंडळी समोर, पाळकसाहेब समोर, आणि घरची बाई गाणार, तेही नवऱ्यानं बायकोची स्तुती करावी असं पद. आपणच आपली स्तुती गायली असं लोक म्हणतील. "पुढच्या वेळी पाहू," म्हणाले ते.

पाच वर्षं पुढची वेळ आली नाही. दिव्याच्या पदाला लोक रडले की मास्तर तिथेच आरती धरत. वेळही झालेली असे. काळी चार मुकी राहायची.

बाळापूर जाईबाईंचं माहेर. तिथल्या मंडळीचा हंगामाचा सण म्हणजे मोठा जल्लोष. लोक नव्या ज्वारीची कणसं, कापसाची बोचकी, भोपळे आणून वेदीपाशी ठेवत. सत्तावन्नच्या जानेवारीत तिथे मास्तरांचं सद्गुणी स्त्रीचं कीर्तन होतं. जाईबाईंना दोन दिवस ताप होता. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बोटांतून तो मला कळला, पट्ट्या तापल्या होत्या. दिव्याच्या पदाला त्यांच्या कपाळावरून घाम गळला, आणि मास्तरांनी चिपळी त्यांच्याकडे करून मंडळीला म्हटलं, पाहा, देवाच्या कामात माणूस कसा भिजतो. लोकांनी माना हलवल्या. जाईबाई खाली बघून हसल्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मी कोपऱ्यात होते. मुलगा मोतीराम पायथ्याशी बसला होता. तो तेव्हा अकोल्याला कंपाउंडरचं शिकत होता, तार करून बोलावला होता. जाईबाईंनी मास्तरांना जवळ बोलावलं.

"मोत्यासाठी पोरगी पाहजा," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ दम घेऊन, "पन माह्यासारखी नोका पाहू."

एवढंच. मास्तर हुंदका देऊन म्हणाले, "मरतानाही केवढी नम्र."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. माझ्यात वारा कोणी भरल्याशिवाय मला बोलता येत नाही. नाहीतर मी त्याच वेळी ओरडले असते.

मास्तरांचं दुःख खरं होतं. ते महिनाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मग त्यांनी ते दुःख कीर्तनात नेलं. दिव्याच्या पदानंतर ते आता एक दृष्टांत सांगू लागले. माझ्या कुटुंबानं मरताना काय म्हटलं, ऐका. माझ्यासारखी सून पाहू नका, म्हणजे माझ्याहून चांगली पाहा. अशी नम्रता कुठे सापडेल? अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, सगळीकडे लोक रडले. नवऱ्यानं बायकोचं नाव घेऊ नये ही रीत. मास्तर जन्मभर त्यांना 'मोत्याची माय' म्हणत, आणि कीर्तनात 'माझं कुटुंब'. गावोगावच्या लोकांना तिचं मरण ठाऊक झालं. नाव कोणालाच कळलं नाही.

आणि त्याच दृष्टांताला मी बोलू लागले.

पहिल्यांदा झालं तेव्हा मोतीराम वाजवत होता. आई गेल्यावर पेटीवर तोच बसायचा. मास्तर म्हणाले, "मरताना ती मले म्हनाली," आणि थांबले. सभेत सगळं चिडीचूप. मोतीरामची बोटं पट्ट्यांवरून उचललेली, डावा हात नुसता भात्यावर. काळी चार आपणहून वाजली. बारीक, सरळ, थांबेना. बायका पुटपुटल्या की मास्तरांच्या घरच्या बाईचा जीव साक्ष द्यायला आला. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी आकाशाकडे हात जोडले.

दुसऱ्या गावीही तेच झालं. तिसऱ्याही. चौथ्यापासून मास्तरांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. दृष्टांत जवळ आला की ते माझ्याकडे बघत, आणि शब्द चुकत. ज्याला ते साक्ष म्हणत होते, तिच्यात होकार आहे का, हे त्यांना आता कळेना. घरी माझं झाकण कोणी हलवलं तरी ते जेवता जेवता हात थांबवून ऐकत.

मला राजापेठेत नेलं. खुशालरावांनी पट्ट्या काढल्या आणि काळी चारच्या झडपेखालून चिमटीभर कापूस बाहेर काढून दाखवला. यानं झडप अधर राहते, वारा निसटतो, सूर बोलतो, भूतबीत काही नाही. मास्तर हसले, बरं वाटलं त्यांना. दोन महिन्यांनी सूर परत आला. खुशालरावांनी पुन्हा कापूस काढला. तिसऱ्या खेपेला त्यांनी कापूस तळहातावर धरून विचारलं, "मास्तर, तुमच्या घरून वेचनीले कोन जाते?"

कोणीच जात नव्हतं. घरात तीन वर्षं कापूस आला नव्हता. खुशालरावांनी कापूस खाली न टाकता कागदात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला.

तो कुठून येत होता, ते मला ठाऊक आहे. जाईबाईंच्या ओटीतला तो. पाच वर्षांचा भात्याच्या घड्यांत साठलेला. वारा भरला की एकेक तंतू वर यायचा. पण दर वेळी काळी चारखालीच का, हे मात्र मला विचारू नका.

इकडे मोतीरामचं वय होत चाललं. तो अकोल्याच्या दवाखान्यात लागला, आणि मास्तर मुली पाहत फिरू लागले. अध्याय कागदावर उतरवून त्यांच्या खिशात असे. मुलीच्या आईला विचारत, पोरगी केव्हा उठते? तळहात उलटे करून घट्टे पाहत. घरातली चिमणी रात्री कितीपर्यंत जळते, हे शेजाऱ्यांकडून काढत. कोणी सूत कातायला कच्ची, कोणी दारी आलेल्या भिकाऱ्याला फार वेळ उभं ठेवणारी. पाच वर्षांत सात मुली नापास झाल्या. बायकोहून सरस सून आणायची, हे त्यांनी तिला दिलेलं वचन होतं. ते पुरं होईपर्यंत तो सूर आपल्याला सोडणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मोतीराम बापासमोर बोलत नसे. तो नुसता वाळत चालला होता.

जानराव मात्र तोंड बंद ठेवणारे नव्हते. "मास्तर, शलमोन राजाच्या घरी सातशे होत्या, त्यातून त्याले एक नाई सापडली. तुमाले सात घरात भेटन काय?"

मास्तर रागावले. जानराव तबल्याला हातोडी मारत पुढे म्हणाले की बाळापूरला दुर्गाबाईची ललिता आहे. पण ती मास्तरांच्या बावीस ओळींत बसायची नाही. फार बोलते.

"तोंडाळ सून नाई पायजे मले."

"शास्त्रात लिवलं हाये ना, ते तोंड उघडते त शहानपनानं उघडते? बाकीच्या सात पोट्ट्यांनी त तोंड उघडलंच नाई. शहानपन कुठून दिसन?"

बाळापूरचं नाव निघालं तेव्हाच मास्तरांचा चेहरा उतरला होता. जाईबाई शेवटचं वाजवून आल्या, त्यानंतर ते त्या गावी गेले नव्हते. दर वर्षी हंगामाच्या सणाचं बोलावणं येई, दर वर्षी ते काही सबब सांगत. बासष्टच्या जानेवारीत ते गेले. कीर्तन दिवेलागणीला होतं. दुपारी मुलगी पाहायची होती.

दुर्गाबाई विधवा, दवाखान्यात आया होत्या. लहानपणी त्या आणि जाईबाई एकाच ओळीत कापूस वेचत, आणि पुढेही जाईबाई माहेरी आल्या की जोडीनं वेचणीला जात. त्यांनी चहा दिला, पण मास्तरांशी फारसं बोलल्या नाहीत. ललिता समोर येऊन बसली. काळीसावळी, उंच, मान वर. मास्तरांनी विचारलं, सकाळी केव्हा उठतेस? ती म्हणाली, माय दोनदा हाका मारते, तिसऱ्या हाकेले. जानराव भिंतीकडे तोंड करून खोकू लागले. मास्तरांनी कागद मिटला. उठायच्या आधी रीत म्हणून त्यांनी एक भजन म्हणायला सांगितलं.

मोतीरामनं मला तिच्यापुढे सरकवलं. सरकताना भाता सुटला, आणि काळी चार वाजू लागली. मोतीराम ओशाळला. अशा वेळी घालायला तो खिशात जाड कागदाची घडी ठेवत असे, ती काढून पट्टीखाली घालायला गेला.

"राहू द्या," ललिता म्हणाली. "हाच सूर पायजे मले."

आणि तिनं गायला सुरुवात केली. उठा लेकरांनो, माय धन्य म्हणा.

मित्रांनो, ती चाल माझ्यावर फक्त एकदा वाजली होती, नऊ-दहा वर्षांपूर्वी, पिठाच्या हातांनी. माझ्या सगळ्या पट्ट्यांना ती आठवली. ललितानं दुसरं कडवं घेतलं, वेशीच्या जवळी गाजो नाव, आणि मास्तर जागच्या जागी खाली बसत गेले. शब्द त्यांचे होते. त्या चालीत पूर्ण गायलेले ते त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

गाणं संपलं. सूर तसाच वाजत होता. मास्तरांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

उत्तर दुर्गाबाईंनी दिलं. जाई वेचणीला आली की ओळीत हेच म्हणायची. लहानगी ललिता ओटी धरून मागे असायची, तिला पाठ झालं. जाई म्हणायची, हे पद मास्तर मले गाऊ देतील, पुढच्या वर्षी.

मास्तर कसेबसे म्हणाले की तिला मोठेपणा नको असायचा. मरतानाही म्हणाली, माझ्यासारखी पाहू नका.

दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मास्तर, तिनं सुनेचं नाई सांगतलं. तुमचं सांगतलं. माह्यासारखी आनसान त तेही अशीच जाईन, म्हनून सांगतलं. तुमी दिव्याचं गानं गाऊन राहिले होते, अन् तेल सरून राहिलं होतं. वेशीवर नाव गाजो म्हनता, अन् गावोगाव तिचं मरन सांगून राहिले, एकदा तरी जाई म्हनलं काय?"

मास्तरांनी खिशातून खुशालरावांनी दिलेली कागदाची पुडी काढली. ती त्यांनी दोन वर्षं जवळ बाळगली होती. उघडली, आतला कापूस पाहिला, आणि पुन्हा बांधताना त्यांच्या बोटांना ती बांधताच येईना. ललितानं त्यांच्या हातून घेऊन बांधून दिली.

मग ते तिला म्हणाले, "पोरी, आजवर मी सात घरी गेलो, पन कोनत्या पोरीले इचारलं नाई. तुले इचारतो. आमचं घर तुले चालन काय?"

ललितानं आधी मोतीरामकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "मले दिवा मालवून झोपा लागते. तशी मुभा असन त येतो."

मोतीराम आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मास्तरही हसायला गेले, पण ते हसणं मधेच मोडलं.

त्या संध्याकाळी बाळापुरातल्या चिंचेखाली कीर्तन झालं. पेटीवर ललिता बसली. सगळं नेहमीसारखं चाललं. दिव्याचं पद झालं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मास्तर दृष्टांतापाशी आले आणि थांबले. मी वाजू लागले. या वेळी त्यांचे शब्द चुकले नाहीत. ते मंडळीला म्हणाले की पाच वर्षं मी गावोगाव तिच्या शेवटच्या शब्दांचा चुकीचा अर्थ सांगितला. बायको निवडताना काय पाहावं, ते मी सगळ्यांना शिकवलं. निवडून आणलेल्या बाईशी कसं वागावं, ते याच अध्यायात शेवटी लिहिलं आहे, आणि ते मी गायलं नाही. गळा चढत नाही, ही माझी सबब होती.

मग त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि काळी चारमध्ये पद धरलं. गळा दुसऱ्याच ओळीला फुटला. मागे कोणीतरी फिसकन हसलं, जानरावांनी तिकडे पाहिलं, ते थांबलं. ललिता सूर देत राहिली. फुटक्या आवाजानं म्हातारा माणूस शेवटच्या ओळीला पोचला, आणि रचलेला शब्द त्यानं बदलला:

वेशीच्या जवळी । गाजो जाई ॥

नवरा बायकोचं नाव घेतो आहे, हे लोकांना समजायला थोडा वेळ लागला. मग दुर्गाबाईंनी ती ओळ उचलली. मग बायकांच्या बाजूनं सगळ्यांनी.

त्या दिवसापासून सूर थांबला, असं सांगतात. ते खरं नाही. पद गायलं गेलं, पण जिच्या कानांवर पडायला हवं होतं ते कान पाच वर्षांपूर्वीच मातीखाली गेले होते. खुशालराव म्हातारपणी एकदा अकोटला आले, झडप साफ करून देऊ का म्हणाले. ललिताबाई म्हणाल्या, नको, राहू द्या. होय, तुमच्या शब्बाथशाळेच्या ललिताबाई त्याच. मोतीरामची अकोटच्या दवाखान्यात बदली झाली तेव्हा त्या इथे आल्या. मला इथे आणून ठेवलं तेही त्यांनीच. अजूनही त्या वेळेवर दिवा मालवतात. त्यांच्या आधी मोतीराम उठतो आणि चूल पेटवतो.

आणि मागच्या बाकावर फेटा घालून पेंगणारे जे आजोबा आहेत, ज्यांच्या चिपळ्या तुम्ही लपवता, ते देवमन मास्तर. मागच्या रविवारी तुम्ही पळालात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. सूर निघाला, तसे ते काठी टेकत उठून उभे राहिले. फेटा काढून हातात घेतला. आणि रिकाम्या खोलीत कोणीतरी हाक मारल्यासारखं म्हणाले, "हाव, जाई. आयकून राहिलो."

मित्रांनो, माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या, भाता दोन ठिकाणी फाटला. मला पुसा, मला पावसात ठेवू नका, टोप्या दुसरीकडे टाका, एवढं तर मागतेच. पण त्याच्या आधी आज घरी जा. तुमची आई चुलीपुढे असेल, नाहीतर वेचणीवरून येऊन ओटी सोडत असेल. तिच्या केसांतला कापूस काढून द्या, आणि जे म्हणायचं ते तिच्या समोर, तिला ऐकू जाईल असं म्हणा. पुढच्या रविवारी नको. आजच.